जड तेवढं राहतं

गुजरीत दुकानं उघडायच्या आधी
जैतुनबी गटार खरवडते.
चाळीस वर्षं. आधी सासूबरोबर, मग एकटी.
कानशीतून उडालेलं, पायपुसण्यात अडकलेलं,
कारागिरानं डोकं झटकलं तर केसांतून पडलेलंसुद्धा
तिच्या पाटीत येतं.

आज ती उद्यमनगरात आली, माझ्या शटरपाशी.
म्हणाली, सोनारांनी आता यंत्रं बसवली,
धूळ यंत्रंच गिळतात.
तुझ्याकडं काय झडतं रे?

माझ्याकडं बॅटऱ्या मरतात.
स्कूटरच्या, रिक्षांच्या,
एक तर दूधवाल्या माळकरांची, दोन उन्हाळ्यांतच गेलेली.
फुगलेला सेल मी वाळूच्या बादलीत पुरतो.
वाळू अण्णांच्या फौंड्रीतली.
अण्णा त्या वाळूत इंजिनाची हेडं ओतायचे,
साच्याला आतून ग्राफाइट फासायचे,
रात्री भाकरीवर बोटांचे काळे ठसे.
आता हेडांची ऑर्डर निम्म्यावर आलीय
आणि तोच ग्राफाइट
सेलच्या एका अंगाला मुकाट बसलेला असतो.
हे सांगितलं तेव्हा अण्णा हसले नाहीत.
म्हणाले, म्हणजे आपल्यातलं काळं तेवढं घेतलं त्यांनी.

जैतुनबीनं स्टूल ओढलं.
"यात सोनं किती?"
सोनं नाही मावशी. निकेल, कोबाल्ट, मँगेनीज, लिथियम.
सोयरीक घेऊन आलेल्यांची गावं विचारावीत
तशी तिनं एकेकाची चौकशी केली.
"हा कोबाल्ट कुठला?"
काँगोचा. तिथं माणसं दोरानं भोकात उतरतात,
बायका-पोरं नदीवर माती धुतात.
"कशात धुतात?"

मी मोबाईलवर फोटो दाखवला.
दोन बोटांनी तिनं तो मोठा केला.
पोराचं तोंड नाही बघितलं, नदी नाही,
हातातली चाळण बघितली.
"लई तिरकी धरलीय.
असं जड निसटतं हातातनं.
शिकवायला कुणी नसंल."

तिची नखं तेजाबानं कधीच नेली.
सासू शेवटी पाण्याचा तांब्या धरताना थरथरायची,
डॉक्टर म्हणाला, वय झालं.
चुलीवर पारा जाळायची ती, त्याच घरात, दार लावून,
शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

"आणि ते शेवटचं?"
लिथियम. सगळ्यात हलका धातू.
पाण्यावर तरंगतो, तरंगता तरंगता खदखदतो.

ती गप्प झाली.
तिची सगळी विद्या एका हिसक्याची:
पाटी फिरवली की हलकं जातं, जड तेवढं राहतं.
लग्नं जमवतानाही ती एवढंच बघायची.
"मग हलक्याला धरायचं कसं?"

मला नीट ठाऊक नव्हतं.
पुण्यापलीकडं कारखाना आहे, ट्रक येतो, घेऊन जातो.
दळतात, काळी पूड होते, मग ती आम्लात विरघळवतात.
"म्हणजे तेजाबच की."
तेजाबच.
"मग आमचाच धंदा हाय. फकस्त हातमोजे घालून."

रस्त्यावरून एक रिक्षा आली,
आवाज नाही, धूर नाही.
तिनं मान वळवेपर्यंत पुढं गेलीसुद्धा.
"मांजरागत येतात मेल्या," म्हणाली,
आणि त्याच दमात,
"ही पूड गटारात सोडू नगंस.
हितलं पाणी जयंती नाल्याला जातं, नाल्यातनं पंचगंगेला.
गटारं मला इचार."

मी नाही सोडत, म्हणालो.
गेल्या पावसाळ्यातली एक बादली आठवली,
ते बोललो नाही.

उठता उठता तिनं सवयीनं फरशी झाडली,
खिळे, तारेचे तुकडे वेगळे काढले,
चिमूटभर काळं उरलं ते तळहातावर तोललं.
"हलकं कुठाय हे?"

पदराला गाठ मारली.
"दर निघाला की निरोप धाड.
गुजरीत कुणालाबी इचार,
मी खालीच बघत असते."